ग्रामदप्तरांचें महाजालावरील जतन

कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं प्रसिद्ध केला, व १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें. तेव्हांपासून मोठमोठ्या घराण्यांचीं दप्तरें पुष्कळशीं उजेडांत आलीं. परंतु ज्यांवर गांवगाडा चाले ते महजर, करीने, थळझाडे व ताळेबंद अनेक ठिकाणीं अद्याप माळ्यावरील रुमालांतच आहेत.

या उपेक्षेचें कारण उघड आहे. मुंबई राज्यांतील कुलकर्णी वतनें १९५१ सालीं व पुढें मुलकी पाटीलकी १९६३ सालीं कायद्यानें संपली. तोंवर कागद हा हक्काचा पुरावा, म्हणून जपला जाई. हक्क गेल्यावर तो रद्दी ठरला. त्यांतच मोडी वाचणारी पिढी सरली. आतां छायाप्रती घेऊन महाजालावर ठेवण्याची सोय गांवोगांव पोंचली आहे. मात्र छायाप्रतींचा ढीग म्हणजे दप्तर नव्हे.

प्रथम, रुमालांतील मूळ क्रम मोडूं नये. कोणता कागद कोणत्या घरीं, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदाशेजारीं होता, ही नोंद हाच त्याच्या खरेपणाचा अर्धा पुरावा होय. दुसरें, पृष्ठ चारी कडांसह व पाठीसह घ्यावें. महजराच्या तळाशीं पाटलाचा नांगर व बलुतेदारांच्या हत्यारांच्या निशाण्या असतात. कड कापली कीं साक्षीदारच नाहींसे होतात. तिसरें, मित्ती मुळाप्रमाणें लिहून मग इसवी सन द्यावा. ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे शुहूर सन ११७५. हें वर्ष मृगारंभीं सुरू होतें. म्हणून त्यांत ५९९ मिळविल्यास इ. स. १७७४ येतें, व पुढील जानेवारीपासूनच्या कागदास ६०० मिळवावे लागतात. चौथें, गांवाच्या आजच्या तालुक्यासह जुनी तर्फ व परगणाही नोंदावा. एकाच नांवाचीं गांवें अनेक असतात. मोडीस युनिकोड या संकेतप्रणालींत २०१४ सालीं स्थान मिळालें आहे. तरी सामान्य वाचकासाठीं बाळबोध प्रत सोबत हवीच.

सर्वच कागद जगापुढें मांडावे काय, हा प्रश्न नाजूक आहे. जातिबहिष्कार, कर्ज व भाऊबंदकी यांच्या निवाड्यांतील कुळें आजही त्याच गांवीं नांदतात. अशा कागदांची प्रत घ्यावी, सूची करावी, पण प्रकाशन दप्तराच्या धन्याच्या व गांवकऱ्यांच्या संमतीनें व्हावें. अस्सल कागद गांवींच राहावा, व प्रतींचा एक संच गांवच्या शाळेंत किंवा वाचनालयांत ठेवावा. एकच संच एकाच यंत्रावर ठेवणें म्हणजे एकाच माळ्यावर रुमाल ठेवण्यासारखेंच आहे.

शेवटीं संग्राहक-बंधूंस एक विनंती. सुंदर शिक्क्याचें पत्र रुमालांतून वेगळें काढून विकत घेण्याचा मोह आम्हां सर्वांस होतो. परंतु त्या एका पत्रानें आपला संग्रह जेवढा वाढतो, त्याहून गांवाचा इतिहास अधिक तुटतो. तें पत्र आपल्या संग्रहीं असेल तर निदान त्याची छायाप्रत व तें कोठून आलें याची नोंद त्या गांवास परत द्यावी. हें ऋण फेडण्यास आतां फारसा खर्च येत नाहीं. इच्छा मात्र हवी.