गरोदरपणातला दमा: पंप बंद करावा का?
दिवस गेल्याचं कळताच अनेक जणी इनहेलर, म्हणजे पंप, बंद करतात. बाळाला औषध बाधेल ही भीती. खरा धोका उलट बाजूला आहे. दम्याचा जोराचा झटका आला की आईच्या रक्तातला ऑक्सिजन घटू शकतो आणि मग वारेतून बाळाला मिळणाराही. दमा आटोक्यात नसेल तर ३७ आठवड्यांआधी प्रसूती, अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ आणि आईचा रक्तदाब वाढणं यांची शक्यता वाढते. पंपातलं औषध मात्र थेट फुप्फुसात जातं, रक्तात फार थोडं उतरतं. ब्युडेसोनाइड तर गरोदरपणात वर्षानुवर्षं दिलं जातंय. साधारण एक तृतीयांश गर्भवतींचा दमा या काळात बळावतो, जवळपास तेवढ्याच जणींचा कमी होतो. त्यामुळे डोस डॉक्टरांनीच ठरवायचा. चुलीचा, अगरबत्तीचा धूर टाळलेला बरा. बाळाला अंगावर पाजतानाही पंप चालतो.