घरचं वाय-फाय सारखं का अडतं? तक्रार करण्याआधी आणि नंतर काय करायचं?

सोसायटीच्या ग्रुपवर "तुमच्याकडे नेट चालू आहे का?" हा मेसेज अधूनमधून येतोच. कस्टमर केअरला फोन केला, की "राउटर बंद करून चालू करा" असं उत्तर मिळतं. दोन दिवसांनी 'तक्रार सोडवली' असा एसएमएस येतो, नेट मात्र बंदच असतं. असा अनुभव अनेक ग्राहकांना येतो. दोष नेमका कुठे आहे हे सांगता आलं आणि हातात पुरावा असला, तर अशी तक्रार टोलवणं कंपनीला अवघड जातं.

१०० एमबीपीएसचा प्लॅन, मग डाउनलोड १२ नेच का?

एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट. फाइलचा आकार मात्र मेगाबाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या कनेक्शनवर फाइल सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट वेगाने उतरते. ही फसवणूक नाही. पण 'अनलिमिटेड' प्लॅनलाही बहुतेक वेळा डेटाची मर्यादा असते. ती ओलांडली की वेग कमी केला जातो, म्हणून प्लॅनच्या अटी वाचाव्यात.

दोष लाइनचा की वाय-फायचा?

लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड टेस्ट करा.

- केबलवर पूर्ण वेग मिळाला, तर अडचण वाय-फायची आहे. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल वेगवान असतो, पण भिंतींमुळे लवकर कमजोर होतो. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोहोचतो, पण त्यावर शेजारच्या राउटरचीही गर्दी असते. राउटर कपाटातून काढून घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवून पाहा.
- केबलवरही वेग कमी असेल, तर दोष बहुधा लाइनचा आहे. फक्त रात्रीच वेग पडत असेल, तर त्या भागातल्या लाइनवर ग्राहकांची गर्दी होत असण्याची शक्यता असते.
- 'एलओएस'चा लाल दिवा लागला, तर फायबरमधून सिग्नल येत नाही. अशा वेळी तंत्रज्ञच लागतो.

नियम काय सांगतात?

जानेवारी २०२३ पासून भारतात किमान २ एमबीपीएस वेग असलेल्या कनेक्शनलाच ब्रॉडबँड म्हणता येतं. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्रायच्या २०२४ च्या नियमांनुसार बिघाड तीन दिवसांहून जास्त राहिला, तर भाड्यात सूट किंवा प्रीपेड ग्राहकाला मुदतवाढ देण्याची तरतूद आहे.

तक्रार कुठे करायची?

१. आधी कंपनीकडे तक्रार करा आणि डॉकेट नंबर घ्या. स्पीड टेस्टचे तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा.

२. समाधान झालं नाही, तर कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करा. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल अपेक्षित असतो.

३. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. ग्राहक आयोगाकडेही जाता येतं. दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे.

तक्रार बंद करण्यासाठी तंत्रज्ञाने ओटीपी मागितला, तर नेट खरंच सुरू झाल्याची खात्री करूनच तो द्यावा.