एक व्हॉल्व्ह की जोडी: घरगुती ॲम्प्लिफायरच्या दोन रचनांचा इतिहास

व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये सिंगल-एंडेड ही मूळची आणि पुश-पुल ही फार नंतरची रचना, असा समज रूढ असला, तरी तो इतिहासाला धरून नाही. ली डी फॉरेस्ट यांचा ऑडिऑन हा तीन टोकांचा व्हॉल्व्ह 1906 मध्ये आला आणि एडविन कॉल्पिट्स यांना पुश-पुल रचनेचे अमेरिकी पेटंट 1915 मध्येच मिळाले. त्या वेळी घरात संगीत ऐकण्यासाठी विजेचा ॲम्प्लिफायर वापरात यायचा होता.

सिंगल-एंडेड रचनेत ध्वनिलहरीचा चढ आणि उतार हे दोन्ही एकच शक्तिव्हॉल्व्ह सांभाळतो, त्यामुळे गाणे थांबले तरी त्यातून बराच प्रवाह सतत वाहत ठेवावा लागतो. हा एकदिश प्रवाह आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या, म्हणजे व्हॉल्व्हला स्पीकरशी जुळवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या, वेटोळ्यांतून जातो आणि लोखंडी गाभा एकाच दिशेने चुंबकित करतो. गाभा संपृक्त होऊ नये म्हणून त्यात बारीक फट ठेवावी लागते, आणि फटीमुळे वेटोळ्यांचे प्रवर्तन घटून खर्जातले स्वर क्षीण होतात. त्यावर नेहमीचा उपाय म्हणजे अवजड आणि महाग ट्रान्सफॉर्मर. पुश-पुलमध्ये संकेताच्या परस्परविरुद्ध प्रती दोन व्हॉल्व्हना दिल्या जातात. व्हॉल्व्हची जोडी नीट जुळलेली असेल, तर त्यांचे स्थिर प्रवाह गाभ्यात एकमेकांचा परिणाम रद्द करतात, विद्युतपुरवठ्याची घरघर बरीच ओसरते आणि व्हॉल्व्हमध्ये निर्माण होणारे सम हार्मोनिकही नाहीसे होतात. दुसरा हार्मोनिक म्हणजे दुप्पट कंपनसंख्येचा, षड्जाला तार षड्जासारखा, मुळात मिसळून जाणारा स्वर. तिसरा हार्मोनिक तार पंचमाचा, आणि तो मात्र पुश-पुलमध्येही शिल्लक राहतो. सिंगल-एंडेडच्या चाहत्यांना जाणवणाऱ्या गोडव्याचा मोठा भाग या फरकात आहे.

घरगुती ध्वनीत पुश-पुलचे वर्चस्व पक्के झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. डी. टी. एन. विल्यमसन यांनी 1947 मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात प्रसिद्ध केलेल्या आराखड्यात केटी66 व्हॉल्व्हची जोडी 15 वॅट देत होती आणि विकृती 0.1 टक्क्याच्या आसपास होती. आउटपुटचा काही अंश उलट्या दिशेने आरंभी परत आणून चुका कमी करण्याची, हॅरल्ड ब्लॅक यांनी 1927 मध्ये शोधलेली ऋण प्रतिपोषणाची युक्ती त्यात होती. पुढे 1948 मध्ये एलपी तबकडी आणि 1954 मध्ये एडगर विल्चर यांचा बंद पेटीचा छोटा स्पीकर आला. हा स्पीकर खोल खर्ज देई, पण त्यासाठी भरपूर वॅट मागे. रेडिओसंचात मात्र काटकसरीपोटी एकच आउटपुट व्हॉल्व्ह टिकून राहिला, आणि महाराष्ट्रातील असंख्य घरांनी नाट्यगीते ऐकली ती अशाच संचांवर.

सिंगल-एंडेडचे पुनरुज्जीवन जपानमध्ये झाले. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा 300बी व्हॉल्व्ह एकटा सुमारे 8 वॅट देतो. 1930च्या दशकातील चित्रपटगृहांत तेवढे पुरत असे, कारण तेथील कर्ण्याचे स्पीकर अल्प शक्तीतही मोठा आवाज काढत. जपानी रसिकांनी ही जुनी यंत्रे जपली, आणि हिरोयासु कोंडो यांनी चांदीच्या तारेचे ट्रान्सफॉर्मर वापरून 1989 मध्ये ‘ओंगाकू’ हा सिंगल-एंडेड ॲम्प्लिफायर सादर केला.

म्हणून या दोन रचनांची तुलना स्पीकर वगळून करणे व्यर्थ ठरते. एका वॅटला 100 डेसिबल देणाऱ्या कर्ण्याच्या तुलनेत 85 डेसिबलच्या पेटीला तितक्याच आवाजासाठी सुमारे 30 पट शक्ती लागते, आणि ती पुरवणे एकट्या 300बीला शक्य नाही.