गुडघ्याची गोष्ट

2022 साली आपल्याच जिल्ह्यात, बालेवाडीला, बायकांच्या आशियाई फुटबॉल चषकाचे सामने झाले. पुढच्या वर्षी विश्वचषक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला. पण इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन त्याला मुकली. मांडीचं नि नडगीचं हाड बांधून ठेवणारा गुडघ्यातला अस्थिबंध तुटला होता. तिची जोडीदार बेथ मीडचंही तेच. धक्का लागतोच असं नाही. पळताना वळलं, उडीवरून उतरलं, की गुडघा आत मुरगळतो. बायकांना हा धोका पुरुषांच्या दुपटीहून जास्त.

शरीराची ठेवण हे एक कारण. दुसरं इतिहासातलं. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं 1921 पासून जवळजवळ पन्नास वर्षं बायकांना आपली मैदानंच बंद ठेवली. बूट, सराव, अभ्यास, सगळं पुरुषांच्या पायावर बेतलं गेलं.

वडगाव रासाईची पोरगी खो-खोच्या खांबापाशी वळताना 'कट्' आवाज होऊन खाली बसली, गुडघा सुजला, तर चोळू नका, "ऊठ, खेळ" म्हणू नका. फडक्यात बर्फ गुंडाळून लावा नि हाडांच्या डॉक्टरांकडे न्या.