आपल्या वसाहतीचा पंचवीस वर्षांचा ताळेबंद



स्मरणिका समितीने मला सोसायटीचा इतिहास लिहायला सांगितलं. इतिहास म्हटलं की अध्यक्षांची यादी, भूमिपूजनाचे फोटो आणि आभार डोळ्यांपुढे येतात. ते या अंकात इतरत्र आहेच. माझी नोकरी बँकेत कर्जाच्या फायली तपासण्यात गेली. त्यामुळे कोणतंही घर पाहिलं की मला तीनच प्रश्न पडतात : जागा कुणाची, पैसा कुठून आला, आणि राहणार कोण? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आपण सगळ्यांनी मिळून चोख दिली. तिसऱ्याचं उत्तर द्यायची वेळ आता आली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

जागा कुणाची?

खामगाव हे कापसाचं गाव. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेतल्या गिरण्यांना मिळेना, आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला एकदम भाव आला. जी.आय.पी. रेल्वेची मुख्य लाईन मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव अशी गेली आणि खामगाव बाजूला राहिलं. म्हणून जलंब ते खामगाव हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा टाकला गेला. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले होते. खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. १९०५ साली ते बुलढाणा जिल्ह्यात आलं. १९०१ च्या शिरगणतीत गावची वस्ती १८,३४१ होती. जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने, अडते, सराफा यांच्या जोरावर गाव वाढलं आणि चांदीच्या व्यापारामुळे 'रजतनगरी' म्हणवून घेऊ लागलं. रजतनगरीत रौप्यमहोत्सव, हा योग चांगला जुळून आला!

जुन्या गावातली घरं म्हणजे धाब्याची घरं आणि वाडे. एका वाड्यात आजोबांपासून पणतवंडांपर्यंत सगळे, वर मागच्या खोल्यांत भाडेकरू. कुटुंबं फुटत गेली तशी माणसं गावाबाहेर सरकू लागली. आज सुटाळा, वाडी, घाटपुरी या बाजूंना जी वस्ती दिसते, ती सगळी एके काळी शेतं होती. गावाची हद्द ओलांडली की जमीन स्वस्त, म्हणून ले-आऊट तिकडेच पडले.

आकडे पाहा. २००१ च्या जनगणनेत खामगाव नगर परिषद हद्दीची लोकसंख्या सुमारे ८८,७०० होती, ती २०११ मध्ये ९४,१९१ झाली. म्हणजे दहा वर्षांत वाढ सहा टक्क्यांच्या आसपास. त्याच दहा वर्षांत जिल्हा मात्र २२,३२,४८० वरून २५,८६,२५८ वर गेला, म्हणजे जवळपास सोळा टक्के. कागदावर वाटतं की खामगाव थांबलं. माझ्या मते गाव थांबलं नाही, ते हद्दीबाहेर राहायला गेलं. आपल्यासारखी हजारो माणसं बाजार करतात खामगावात, पण त्यांची मोजणी होते ग्रामपंचायतीत. हे 'ना शहर ना खेडं' असं राहणं आपण पंचवीस वर्षं अनुभवतो आहोत. घरपट्टी कमी, पण नळाचं पाणी, नाल्या आणि रस्ते यांसाठी दहा वेळा अर्ज.

हद्दीबाहेरच्या जमिनीत एक धोका असतो. शेताचे गुंठे पाडून विकणारे तेव्हाही होते, आताही आहेत. एक एकर म्हणजे ४० गुंठे आणि एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एवढा हिशेब येणारा कोणीही ले-आऊटवाला होत असे. अकृषक परवाना नाही, नगर रचनेची मंजुरी नाही, हातात फक्त एक स्टॅम्पपेपर. अशा प्लॉटवर बँक कर्ज देत नाही. हा प्रकार राज्यभर इतका वाढला की २००१ साली सरकारला गुंठेवारी नियमाधीन करण्याचा कायदा करावा लागला. आपली सोसायटी त्याच वर्षी नोंदली गेली. आपल्या संस्थापकांनी आधी एन.ए. करून घेतलं, मंजूर नकाशा हातात घेतला, तीस वर्षांचा सर्च काढला आणि मगच प्लॉट वाटले. तेव्हा "कागदं जमवता जमवताच म्हातारे होऊ राजेहो" अशी कुरकूर झाली होती. त्याच कागदांमुळे पुढे एकाही सभासदाचं कर्ज जागेच्या कारणावरून अडलं नाही.

पैसा कुठून आला?

सहकारी घरबांधणी आपल्याकडे नवी नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली पहिली संस्था काढली. पण मुंबईचा सहकार फ्लॅटचा. आपल्याकडे सोसायटी म्हणजे जमीन एकत्र घ्यायची आणि घर ज्यानं त्यानं बांधायचं.

नोकरदार माणसाला हे परवडायला लागलं ते कधी? माझ्या मते १९९६ ते २००४ ही आठ वर्षं निर्णायक ठरली. १ जानेवारी १९९६ पासूनचा पाचवा वेतन आयोग आला. शिक्षक, महसूल, वीज मंडळ अशा सगळ्यांचे पगार सुधारले. १९९९ च्या अर्थसंकल्पात गृहकर्जाच्या व्याजावरची आयकर सवलत ७५,००० रुपयांपर्यंत वाढली, पुढच्या वर्षी एक लाख आणि २००१ मध्ये दीड लाख झाली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. देशभरात सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. त्यांतल्या काहींच्या हाती आलेल्या रकमेतून आपल्या वसाहतीतलीही घरं उभी आहेत.

सगळ्यात मोठी गोष्ट व्याजाची. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर गृहकर्ज पंधरा टक्क्यांच्या पुढे होतं. २००३-०४ पर्यंत ते आठ टक्क्यांच्या आसपास आलं. तीन लाखांचं कर्ज, पंधरा वर्षांची मुदत धरा. पंधरा टक्क्यांनी हप्ता येतो सुमारे ४,२०० रुपये, आठ टक्क्यांनी सुमारे २,८७०. महिन्याला तेराशे रुपयांचा फरक म्हणजे त्या वेळी एका घराचा किराणा. ज्यांनी 'पुढच्या वर्षी पाहू' म्हणत दहा वर्षं काढली, त्यांनी त्या दोन-तीन वर्षांत नारळ फोडला.

बांधकामानं मात्र सगळ्यांची परीक्षा पाहिली. कापसाची काळी माती पिकाला चांगली, पण घराला वैरीण. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत खोल खणून कॉलम आणि बीम घेतले ती घरं आजही सरळ उभी आहेत. पायात काटकसर केली त्यांच्या भिंतींच्या चिरा दर उन्हाळ्यात उघडतात. पहिल्या दोन पावसाळ्यांत रस्ता नव्हता. चपला हातात घेऊन आपल्या घरच्या बायकांनी मुलांना शाळेच्या रिक्षापर्यंत पोचवलं आहे. त्यांचं नाव कोणत्याही कोनशिलेवर नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

राहायला कोण आलं?

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. आपण सगळे एकाच वेळी आलो. बहुतेक जण पस्तिशी ते पन्नाशीतले, पगारदार, घरी एक किंवा दोन मुलं. मुलं एका वयाची, परीक्षा एका वर्षी, लग्नंही पाठोपाठ. त्यामुळे वसाहतीत जिवंतपणा होता. संध्याकाळी मोकळ्या प्लॉटवर क्रिकेटच्या दोन-दोन टीम पडायच्या.

पण जी वस्ती एकदम तरुण असते, ती एकदमच म्हातारी होते. जुन्या गावात असं होत नाही. तिथे एका घरी बारसं असतं तेव्हा शेजारी तेरावं असतं. सगळी वयं मिसळलेली असतात. आपल्याकडे ती मिसळण झालीच नाही.

मुलं शिकली. शेगावला १९८३ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आपली अनेक मुलं रोज एस.टी.नं जाऊन तिथे इंजिनिअर झाली. खामगावात एम.आय.डी.सी. आहे, साबणाचा मोठा कारखाना आहे, पण इतक्या इंजिनिअरांना सामावून घेईल एवढं काम नाही. ती पुण्याला गेली, हिंजवडीत स्थिरावली, काही परदेशी गेली. त्यांनी तिकडे घरं घेतली, त्याचे हप्ते तिकडे सुरू आहेत. यात कुणाचा दोष नाही. आपण त्यांना शिकवलं ते जाण्यासाठीच.

आता आमच्याच ओळीतली सात घरं मोजतो. तीन घरांत फक्त नवरा-बायको, एका घरात एकटी आजी, एक घर तीन वर्षांपासून कुलूपबंद. दोन घरांत शाळकरी मुलं आहेत आणि ती दोन्ही भाडेकरूंची आहेत.

हे आपल्यापुरतं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात साठीच्या पुढचे लोक ९.९ टक्के होते. तो आकडा वाढतच जाणार. राज्यात एका बाईमागे २०१९-२१ मध्ये सरासरी १.७ मुलं होत होती. पिढी आहे तेवढी टिकायला २.१ लागतात. आपल्या जिल्ह्याचं दुखणं याहून खोल आहे. सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये ९०८ होत्या, त्या २०११ मध्ये ८५५ उरल्या. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं माहेर ज्या जिल्ह्यात आहे, त्याचा हा आकडा. त्या वर्षांत जन्मलेली पिढी आता लग्नाच्या उंबरठ्यावर येते आहे. पुढच्या काळात घरं असतील आणि त्यात संसार मांडायला जोडपी नसतील, ही भीती पोकळ नाही.

भाव आहे, गिऱ्हाईक नाही

"प्लॉटला केवढा भाव आला!" असं आपण अभिमानानं म्हणतो. पण भाव मोकळ्या प्लॉटला आहे. त्यावरचं वीस-पंचवीस वर्षांचं घर घेणारा सहसा ते पाडायच्या हिशेबानं येतो. ज्याला राहायचं आहे त्या तरुण शिक्षकाला किंवा नर्सला ती किंमत झेपत नाही. ज्याला झेपते त्याला राहायचं नसतं. मग घर विकायला काढलं तरी वर्ष-दोन वर्षं बोलणीच चालतात, आणि तोवर कुलूप.

घराच्या मोलावर म्हातारपणी पैसा मिळावा म्हणून २००७ साली रिव्हर्स मॉर्टगेजची सोय आली. साठीपुढचा माणूस घर तारण ठेवून दरमहा रक्कम घेऊ शकतो आणि मरेपर्यंत त्याच घरात राहू शकतो. योजना चांगली, पण आपल्याकडे चालली नाही. बापानं घर गहाण टाकलं, हे ऐकून घ्यायला ना बाप तयार, ना मुलगा.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, बंद घरं भाड्यानं द्या. भाडेकरू बसून जाईल ही भीती आपल्या पिढीच्या मनात आहे आणि ती उगाच नाही. विदर्भात १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश होता. नियंत्रकाची परवानगी मिळाल्याशिवाय भाडेकरूला नोटीस देता येत नसे. आपल्या वडिलांनी त्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पण ३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू आहे. लेखी आणि नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्सचा करार करा. मुदत संपल्यावर जागा परत मिळवायची सोय त्यात आहे. सोसायटीनंही बिगर-वापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांच्या वर घेता येत नाही, हा २००१ चा शासन आदेश लक्षात ठेवावा.

दुसरी गोष्ट, वारसाची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो विश्वस्त. भावाबहिणींत वाद नको असेल तर मृत्युपत्र करून ठेवा. वारसांचा घोळ झालेलं घर विकलंही जात नाही आणि भाड्यानंही जात नाही.

तिसरी गोष्ट बोलायला अवघड, पण बोललीच पाहिजे. भाडेकरू आला की आपण पहिले विचारतो, "कोन गावचे? कोन लोकं?" बोर्डावर लिहिलेलं नसलं तरी नकार तयार असतो. आज आपल्याकडे घर मागायला कोण येतं? गावात शेती आणि मुलांच्या शाळेसाठी इथे राहणारी आई. एम.आय.डी.सी.तला कामगार. बदलीवर आलेली तलाठी मुलगी. पंचवीस वर्षांपूर्वी आपणही असेच निरनिराळ्या गावांहून आणि निरनिराळ्या समाजांतून आलो होतो, आणि आपल्या ले-आऊटचा सातबारा ज्या शेतकऱ्याच्या नावावर होता त्यानं आपली जात विचारून जमीन दिली नव्हती. भाडं वेळेवर, वागणं नीट, एवढीच अट ठेवू या. तसा ठराव या वर्षीच्या वार्षिक सभेत मी मांडणार आहे. विरोध असेल त्यांनी सभेला येऊन मोकळेपणानं बोलावं. पण सभेला या.

२०११ च्या घरयादीत देशात सुमारे अडीच कोटी घरं रिकामी निघाली होती. आता २०२७ च्या जनगणनेसाठी प्रगणक आपल्या दारावर येतील. आपल्या वसाहतीच्या पानावर 'रिकामं' हा शेरा किती वेळा पडावा, हे सरकारच्या नव्हे, आपल्या हातात आहे.

रौप्यमहोत्सवाच्या सर्व सभासदांना, त्यांच्या मुलाबाळांना आणि सोसायटीत भाड्यानं राहणाऱ्या सर्व कुटुंबांना मनःपूर्वक शुभेच्छा. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिणारा आज बहुधा पाच-सहा वर्षांचा असेल. तो याच वसाहतीत वाढावा, एवढीच इच्छा.