किर्लोस्करवाडी : एका नावाचा अर्थ

कारखान्याच्या वसाहतीस 'वाडी' हे नाव मिळावे, ही गोष्ट वरवर किरकोळ वाटते. परंतु मराठीत वाडी म्हणजे मोजक्या घरांची, पुष्कळदा एकाच कुळाची वस्ती. आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांच्या उद्योगाचे स्वरूप ह्या शब्दात नेमके उतरले आहे. बेळगावास सायकलींच्या दुकानापासून आरंभ झाला तो वडील बंधू रामूअण्णा यांच्या साथीने. पेढीचे नावही 'किर्लोस्कर बंधू' असेच होते. पुढे नगरपालिकेमुळे तेथील जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात कुंडलजवळचा ओसाड माळ दिला. १९१० साली तेथे वस्ती झाली.

लोखंडी नांगराने जमीन नासते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती. तिला निव्वळ अडाणीपणा म्हणवत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर दुरुस्त करी. नवा नांगर रोकडीचा होता.

वाडीत अस्पृश्यतेस थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्यांवर रखवालीही सोपविली जाई. हे निःसंशय धाडसाचे होय. तथापि घर आणि काम दोन्ही एकाच धन्याचे असता गाऱ्हाणे मांडणे म्हणजे वडीलधाऱ्यांस उलट बोलण्यासारखेच ठरते, याचा विचार चरित्रकारांनी क्वचितच केला आहे.

१९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत जमावाने हा कारखाना पेटविला. लक्ष्मणराव त्या वेळी ७८ वर्षांचे होते. कारखाना पुन्हा उभारला गेला.