सशांच्या संहारासाठी निघालेला जंतू

१/
१८८८ साली पॅरिसहून निघालेले लुई पाश्चर यांचे प्रतिनिधी सिडनीत दाखल झाले. त्यांच्या सामानात जिवंत रोगजंतू होते, आणि ते आणले होते ऑस्ट्रेलियातील सशांच्या संहारासाठी. तो बेत फसला. मात्र त्याच जंतूचे भाईबंद आज पाळीव सशांच्या नाकात मुक्काम करून असतात आणि संधी मिळताच त्यांचा श्वास कोंडतात. बेत फसला कशामुळे, हे समजले तर घरचा ससा वाचवण्याचा मार्गही समजतो. त्याचाच हा धागा.

२/
प्रथम एक खुलासा. मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द दोन वेगळ्या प्राण्यांसाठी वापरला जातो. सह्याद्रीच्या माळावर दिसणारा रानससा बिळे खोदत नाही आणि बहुधा एकटाच फिरतो. पाळीव ससा मात्र मूळच्या इबेरियन द्वीपकल्पातील युरोपीय सशाचा वंशज आहे. तो बिळे खोदतो आणि कळपाने राहतो. आजच्या सर्व पाळीव जाती याच एका प्रजातीतून निघाल्या, आणि ऑस्ट्रेलियात माजलेला ससाही तोच.

३/
१८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी इंग्लंडहून सुमारे दोन डझन ससे मागवून व्हिक्टोरियातील आपल्या बारवॉन पार्क इस्टेटीवर सोडले. काही दशकांतच त्यांच्या प्रजेने कुरणे फस्त केली आणि मेंढपाळ देशोधडीला लागू लागले. १८८७ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सरकारने सशांच्या निर्मूलनाचा खात्रीशीर उपाय सुचवणाऱ्यास २५,००० पौंडांचे इनाम जाहीर केले. त्यावर १,४०० हून अधिक प्रस्ताव आले.

४/
त्यांतील एक प्रस्ताव खुद्द पाश्चर यांचा होता. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू त्यांनी प्रयोगशाळेत वाढवला होता. तोच दुर्बल करून टोचल्यास कोंबडी रोगापासून बचावते, हे १८८० मध्ये दाखवून त्यांनी आधुनिक लसविद्येचा पाया घातला. हा जंतू सशांनाही झपाट्याने मारतो, हे त्यांना ठाऊक होते. एका प्राण्याला तारण्यासाठी अभ्यासलेला जंतू दुसऱ्याला मारण्यासाठी वापरावा, असा तो विचार होता.

५/
डिसेंबर १८८७ मध्ये फ्रान्समधील रँस येथे, प्रसिद्ध शँपेन-उत्पादक मादाम पोमेरी यांच्या तळघरांवरच्या कुंपणबंद जागेत, याची चाचणी झाली. जंतूंचे द्रावण शिंपडलेला चारा सशांपुढे टाकला गेला आणि ससे पटापट मेले. या यशाच्या बळावर पाश्चर यांनी आपल्या पत्नीचा भाचा आद्रियाँ लुआर याला ऑस्ट्रेलियाला धाडले.

६/
सिडनी बंदरातील रॉड बेटावर खास प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे चौकशी आयोगाच्या देखरेखीखाली प्रयोग झाले. जंतुमिश्रित चारा खाल्लेले ससे मेले, पण त्यांच्या सोबत राहणाऱ्या निरोगी सशांत साथ काही पसरेना. शिवाय इतर पक्ष्यांना धोका होताच. आयोगाने प्रस्ताव फेटाळला आणि इनाम कोणालाच मिळाले नाही. पुढे याच बेटावर मेंढ्यांसाठी काळपुळीची, म्हणजेच अँथ्रॅक्सची लस तयार होऊ लागली, हा नियतीचा न्याय म्हणावा लागेल.

७/
१८८७ मध्येच या जंतूंच्या गटाला पाश्चर यांच्या सन्मानार्थ ‘पाश्चुरेला’ हे नाव मिळाले. त्यातील ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ म्हणजे अनेकांना मारणारा. महाराष्ट्रातील शेतकऱ्याला तो वेगळ्या नावाने परिचित आहे. पावसाळ्यापूर्वी गाई-म्हशींना ज्या घटसर्पाची लस टोचतात, तो रोग याच प्रजातीच्या एका प्रकारामुळे होतो. सशांच्या नाकात राहणारे प्रकार निराळे, पण कूळ तेच.

८/
रॉड बेटावरील कोड्याला १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत पुढचे उत्तर मिळाले. प्रयोगासाठी पाळलेल्या सशांत ‘स्नफल्स’ नावाचा श्वसनरोग वारंवार उद्भवत असे. शिंका, घट्ट शेंबूड आणि कधी न्यूमोनिया, असे त्याचे स्वरूप. लेस्ली वेब्स्टर यांनी त्याचा काही वर्षे पाठपुरावा केला. त्यांना आढळले की अगदी ठणठणीत दिसणाऱ्या अनेक सशांच्या नाकातही हा जंतू असतो. ऋतूनुसार रोगाचा जोर कमी-जास्त होई, आणि एकाच जंतूचा संसर्ग होऊनही काही ससे तग धरत, तर काही दगावत.

९/
दोन्ही प्रयोग एकत्र वाचले की निष्कर्ष स्पष्ट होतो. केवळ जंतू असल्याने साथ येत नाही. सशाची प्रतिकारशक्ती आणि भोवतालची परिस्थिती यांवर निकाल ठरतो. जंतू नाकातून कायमचा हुसकावणे सहसा साधत नाही, मात्र परिस्थिती पाळणाऱ्याच्या हाती असते.

१०/
सशाच्या बाबतीत साधी सर्दीही गंभीर का ठरते? कारण ससा जवळजवळ केवळ नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडून श्वास घेणारा ससा दिसला, तर तो प्राणसंकटात आहे असे समजावे. दुसरे कारण त्याच्या इतिहासात दडलेले आहे. तो शिकाऱ्यांचे भक्ष्य म्हणून घडला, आणि भक्ष्य आपले दुखणे लपवते. लक्षण उघड दिसते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

११/
म्हणून खुणा शोधाव्या लागतात. पहिली खूण पुढच्या पायांवर असते. ससा पंजांनी नाक पुसतो, त्यामुळे पंजांच्या आतल्या बाजूची लव चिकट आणि गुंतलेली दिसते. त्याखेरीज वारंवार शिंका, पांढरट वा पिवळसर स्राव, डोळ्यांतून पाणी, घोरल्यासारखा आवाज आणि फुगणाऱ्या नाकपुड्या या खुणा ध्यानात ठेवाव्यात. मान एका बाजूला कलली, तर संसर्ग कानात पोहोचल्याची शंका घ्यावी. एकाच डोळ्यातून सतत पाणी येत असेल, तर दाढांची मुळेही तपासून घ्यावीत, कारण ती अश्रुनलिकेला खेटून असतात.

१२/
प्रतिबंधाचा पहिला नियम हवेचा. साठलेल्या मूत्रातून अमोनिया निघतो आणि नाकातील संरक्षक सूक्ष्म रोमांना इजा करतो. ससा जमिनीलगत राहतो, म्हणून माणसाला वास येण्याआधीच त्याचे नाक होरपळू लागते. ओले अंथरूण रोज बदलावे. हवा खेळती असावी, पण थेट झोत नसावा. धुळीचे गवत, लाकडाचा बारीक भुसा, उदबत्ती, धूप आणि सिगारेटचा धूर दूर ठेवावा.

१३/
दुसरा नियम अंतराचा. नवा ससा आणल्यावर किमान दोन ते चार आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावा आणि त्याला हाताळल्यावर हात धुवावेत. सशासोबत गिनीपिग ठेवू नये. ‘बोर्डेटेला’ हा जंतू सशाच्या नाकात अनेकदा निरुपद्रवी राहतो, पण गिनीपिगला जीवघेणा न्यूमोनिया देऊ शकतो. गर्दी, उष्मा, ओल, सततचा गोंगाट आणि वारंवार जागाबदल यांनी प्रतिकारशक्ती खचते. मुबलक सुके गवत दात आणि पोट दोन्ही जपते.

१४/
घरातील माणसांची औषधे सशाला कदापि देऊ नयेत. पेनिसिलिन वर्गातील औषधे तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातील उपकारक जंतू मरतात आणि त्यातून मृत्यू ओढवू शकतो. प्रतिजैविक कोणते व किती दिवस, हे सशांची माहिती असलेल्या पशुवैद्यानेच ठरवावे. सशाने १० ते १२ तास काहीच खाल्ले नाही, किंवा त्याचा श्वास जड झाला, तर उद्याची वाट पाहू नये.

१५/
१८८८ मध्ये एका सरकारला वाटले होते की जंतू आणला की ससे आपोआप मरतील. आज अनेक घरांत याच्या उलट समज दिसतो, की जंतुनाशक औषध दिले की ससा आपोआप जगेल. रॉड बेटावर पहिला हिशेब चुकला, तो सशाभोवतीचे जग विचारात न घेतल्याने. दुसराही त्याच कारणाने चुकतो. औषध आजारपणात काही दिवस साथ देते. पिंजऱ्यातील हवा मात्र सशाला रोज, प्रत्येक श्वासागणिक घ्यावी लागते.